सोनीचं पोहणं आणि माझा जीव

घाटावर गेलेली बाई कपडे पिळून घरी आणते, आणि गोष्टी आणते तशाच ओल्या! कपडे दिवस मावळेपर्यंत वाळतात, घडी होऊन ट्रंकेत जातात. गोष्टी काही वाळत नाहीत. आजच्या अंगावर उद्याची पडते, उद्याच्या अंगावर परवाची. आमच्या शहागडच्या घाटावर आम्ही चार-पाच जणी रोज त्याच वेळेला त्याच दगडांवर बसतो. मग ढीग होणारच की! मी सातवी शिकलेली, म्हणून जाऊबाई मला म्हणाली, "तूच लिही बाई. मी सांगायला बसले की आधी हसू येतं, आन शेवट ऱ्हाऊनच जातो."

आधी माणसं सांगून टाकते. कौसामाय म्हणजे आमच्या घाटाची मालकीण. वय साठीच्या पुढं, नऊवारीचा काष्टा मारून पाण्यात शिरली की मासळीच. गावातल्या निम्म्या लेकरांना तिनंच पोहायला शिकवलंय. जाऊबाई रुखमा, तिच्या जिभेला हाड नाही. आमचे हे हायवेवर पंचर काढतात. सोनी माझी लेक. आणि मी अंतरवाली सराटीची, म्हणून घाटावर माझं नाव 'सराटीवाली'. माहेरी पाणी असायचं ते हंड्यात, रांजणात, नाहीतर वाटीत. आणि दिली कुठं, तर गोदावरीच्या काठावर! इथं तिला गंगाच म्हणतात.

*

लग्न होऊन आले, त्याच आठवड्यात जाऊबाईनं मला घाटावर नेलं. एवढं पाणी उघड्यावर पडलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. गुडघाभर पाण्यात उभी राहिले, डाव्या हातानं दगड घट्ट धरला आणि उजव्या हातानं धुवायला लागले. एका हातानं सतरंजी कशी धुवावी हे कुणाला शिकायचं असेल तर माझ्याकडं यावं!

कौसामाय बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "काय गं नवरीबाई, दगड पळून चाल्ला का?"

"न्हाई," मी म्हटलं. "मीच जाईन म्हणून धरलाय."

घाटभर हशा. जाऊबाई म्हणाली, "हिला पाणी पायाला न्हाई लागत बाई, डोळ्यालाच लागतं!"

मीही हसले. पण माझ्या मामाची पोरगी माझ्याच वयाची होती, आणि ती विहिरीत गेली होती. त्याचा काही किस्सा होत नाही. मला पुढं सोनी झाली, आणि मनात एकच बसलं. दुसरं काहीही होऊ दे, ही पोरगी पाण्यापायी जायला नको.

*

सोनी सहा वर्षांची झाली आणि उन्हाळ्यात तिनं तोंड उघडलं. "आई, सगळे पोहून राह्यले. मी जाऊ?"

"न्हाई."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ती माझ्या सासूबाईंकडं गेली. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. त्या म्हणाल्या, "गंगेकाठचं लेकरू हाय. तू न्हाई म्हणलीस तर चोरून जाईन. चोरून जाण्यापरीस सांगून गेलेलं बरं."

पटलं. पण मी काही कच्च्या गुरूची चेली नाही. गोठ्यातलं वासराचं दावं घेतलं. एक टोक सोनीच्या कमरेला, दुसरं काठावरच्या बाभळीला. गाठ तीनदा ओढून बघितली. मग शांतपणे धुवायला बसले. आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही हातांनी!

बराच वेळ झाला तरी पोरगी ओरडेना, खिदळेना. मान वळवून बघते तर सोनी कोरडी ठणठणीत, वाळूत उभी. दावं ताणलेलं, आणि पाणी तिच्यापासून अजून चार हात लांब!

कौसामाय म्हणाली, "सराटीवाले, लेकरू पोहायला आणलंस का चरायला बांधलंस?"

तेवढ्यावर थांबेल ती जाऊबाई कसली! तिनं उठून मूठभर हिरवं गवत उपटलं आणि सोनीपुढं आणून टाकलं.

कौसामायनं दावं सोडलं ते मात्र न हसता. म्हणाली, "हे पाण्यात पायात गुतलं म्हंजी हेच बुडवतं. लेकराला नजरंनं बांधायचं. बोलत बस, धुवत बस, पण नजर काढायची न्हाई." त्या दिवसापासून माझं धुणं अर्धवटच निघतं. कॉलरी मळक्या आहेत म्हणून आमचे हे कुरकुरतात. कुरकुरू देत.

*

शिकवणं सुरू झालं. कौसामायची रीत जुनी. वाळलेला दुधी भोपळा पाठीला बांधायचा आणि लेकराला पाण्यात सोडायचं. स्वतः हाताच्या अंतरावर उभं राहायचं. हात जमला, दम जमला की भोपळा बदलून लहान बांधायचा. शेवटी मुठीएवढा राहिला की तोही काढायचा.

तिनं एक मोठा भोपळा दिला आणि म्हणाली, "उद्या बांधून आण."

एका भोपळ्याचा काय भरवसा? मी गावभर फिरून आणखी तीन गोळा केले. दोन पाठीला, एक-एक दोन्ही काखेत. सोनी पाण्यात उतरली. बुडायचा प्रश्नच नव्हता, पण हात खाली येईनात, पाय पाण्याला टेकेनात. नुसती वरच्या वर गोल फिरत राहिली.

जाऊबाई म्हणाली, "हे पोहणं न्हाई बाई. हा लग्नाचा मांडव वाहून चाल्ला!"

*

भोपळ्याचं ऐकून आमच्या ह्यांना राग आला. पंचरवाल्याची लेक आणि भोपळ्यावर पोहणार? "लोकं कॉम्प्युटर घेऊन राह्यले, आन तुमचं आजून भोपळ्यावरच चाललंय," म्हणाले. ट्रकच्या मागच्या चाकाची ट्यूब काढली, दोन ठिकाणी पॅच मारला, कॉम्प्रेसरनं फुल हवा भरली आणि दुपारी दुकान टाकून स्वतः घाटावर आले.

"शंभर टक्के गॅरंटी!"

सोनीला ट्यूबमध्ये घातलं. काळी ट्यूब, मध्ये माझी लेक, राणीसारखी बसलेली. हे काठावर कमरेवर हात देऊन उभे. सगळी लेकरं हेव्यानं बघायला लागली. सोनीला तेच पाहिजे होतं. तिनं सगळ्यांना दाखवायला दोन्ही हात वर केले.

आणि सर्रकन खाली!

वर ट्यूब तशीच तरंगत होती, आणि ट्यूबमध्ये कुणी नव्हतं.

मी उठले, पण पाय हलेनात. कौसामाय मात्र तीन पावलांवर होती, कारण शिकणारं लेकरू पाण्यात असलं की ती कधीच लांब जात नाही. तिनं हात घातला, वेणी धरली आणि सोनीला वर काढलं. सोनी खोकली, रडली, नाकातून पाणी आलं. मी तिला एवढी आवळली की कौसामाय म्हणाली, "पाण्यातून वाचलंय गं, आता तू मारू नको."

इकडं हे ट्यूबच्या मागं धावले होते. ट्यूब धरली, उलटी केली, सुलटी केली. दुकानात बघतात तसं पाण्यात दाबून बुडबुडे शोधले. कानाला लावून ऐकलं. मग चकित होऊन म्हणाले, "पण पंचर तर कुठंच न्हाई! हवा बराबर हाय!"

कौसामाय म्हणाली, "हवा न्हाई गेली रे बाबा. लेकरू गेल्तं!"

त्यानंतर दोन दिवस हे घाटाकडं फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी बाजारातून स्वतः एक भोपळा घेऊन आले आणि माझ्यापुढं ठेवला.

*

आमच्या गंगेत उन्हाळ्यात भीती पाण्याची नसते, खड्ड्यांची असते. ट्रकवाले पात्रातली वाळू भरून नेतात आणि मागं माणूस बुडेल एवढे खड्डे राहतात. धरणातून पाणी सोडलं की सगळं एकसारखं सपाट दिसतं. घोट्याएवढ्या पाण्यातून चालणारा माणूस पुढच्या पावलाला दिसेनासा होतो.

म्हणून कौसामाय रोज सकाळी बांबू घेऊन पाणी टोचत फिरते. जिथं बांबू खाली जातो तिथं काठी रोवायची आणि काठीला लाल फडकं बांधायचं. लाल फडक्याच्या पलीकडं लेकरांनी जायचं नाही, हा घाटाचा कायदा.

एका सकाळी नवा खड्डा निघाला आणि फडकी संपली होती. शेजारी झुडपावर एक लाल परकर वाळत होता. कौसामायनं मागंपुढं बघितलं नाही!

थोड्या वेळानं वाळूचा एक रिकामा ट्रक पात्रात उतरला. ड्रायव्हर परगावचा. समोर फडफडतं लाल कापड बघून त्यानं कचकन ब्रेक मारला, इंजिन बंद केलं आणि बिडी पेटवून बसून राहिला. बिड्यांवर बिड्या झाल्या. शेवटी कंटाळून खाली उतरला आणि आमच्याकडं येऊन म्हणाला, "ओ मावशी, लाल तर केव्हाचं लावलंय. हिरवं कधी दाखवणार?"

जाऊबाईनं मान वर केली. काठीकडं बघितलं. आपला परकर ओळखला. पुन्हा मान खाली घालून धुता धुता म्हणाली, "हिरवा आत्ताच धुतलाय दादा. वाळला की दाखवते!"

*

पुढच्या उन्हाळ्यात कौसामायच्या भाच्यानं जीप काढली आणि आम्ही चौघी लेकरांसकट कोकणात देवदर्शनाला गेलो. देऊळ समुद्राच्या अगदी काठावर. दर्शन झालं आणि आमची वरात निघाली पाण्याकडं.

समुद्र बघून कुणी काय करावं ते करावं. जाऊबाईनं साबण काढला! घासून घासून हात दुखले, पण फेस म्हणून येईना. "गावच्या दुकानदारानं फसवलं गं," असं म्हणून तिनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग बाजूचा एक माणूस म्हणाला, "काकू, पाणी खारट आहे. साबण चांगला आहे."

पाणी लांब होतं, वाळू कोरडी होती. घाटावर ठेवतो तशा आम्ही चपला आणि डबे पाण्याच्या कडेलाच ठेवले. लेकरं घोट्याएवढ्या पाण्यात खेळायला लागली. सोनी कौसामायला म्हणाली, "आजी, चल ना पोहायला. तुला तर येतंय."

कौसामाय काठावर बसून राहिली. "गंगेत येतंय. हिची न् माझी वळख न्हाई. नव्या घरी कुणी थेट चुलीपाशी जात न्हाई, आधी वसरीवर बसायचं असतं."

माझी नजर सोनीवर बांधलेली होती, म्हणून मलाच आधी दिसलं. माझी चप्पल तरंगून राह्यली होती! मघाशी कोरडं होतं तिथं पाणी. डबा हलला. पाणी अजून पुढं. आमच्याकडं असं पाणी आलं म्हणजे त्याचा एकच अर्थ.

मी जीव खाऊन ओरडले, "पळा! पाणी सोडलं! धरणाचं पाणी सोडलं!"

घाटाच्या बायांना एवढं पुरतं. चौघींनी हाताला लागतील तेवढी लेकरं उचलली आणि वर नारळीच्या झाडांपर्यंत धूम ठोकली. थांबून मोजतो तर दोन लेकरं जास्त! मागून एक शहरातली बाई पळत येत होती, "अहो, माझी मुलं! माझी मुलं कुठं नेता?"

झाडाखाली एक म्हातारे बाबा जाळं विणत बसले होते. ते पोट धरून हसले. "कसलं धरण, बायांनो? ही भरती. दिवसातून दोन वेळा येतेच."

जाऊबाई धापा टाकत होती, तरी तिच्यानं राहवेना. "दिवसातून दोन डाव? न मागता? आमच्याकडं एका डावासाठी अर्जावर अर्ज करावे लागतात!"

बाबांचं हसू थांबलं. ते शहरातल्या बाईला म्हणाले, "ताई, तुमची मुलं त्या खडकाच्या आडोशाला खेळत होती. तिथं पाणी मागून भरतं, बाहेर पडायची वाटच बंद होते. या बायकांना कळलं नाही काही, पण पळाल्या ते बरं केलं."

त्या बाईनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग डोळे पुसून म्हणाली, "तुम्ही कुठल्या?"

"जालना जिल्हा."

"तिकडं समुद्र आहे?"

"न्हाई," जाऊबाई म्हणाली. "तिकडं ही हाय!" आणि माझ्याकडं बोट दाखवलं.

*

गावी आल्यावर कौसामायनं मला गाठलं. "लेकरू शिकलं. आता तुझी पाळी."

"माझं काय वय हाय का हे?"

"सत्तावीस म्हंजी काय म्हातारी झालीस? मला सांग, सोनी बुडाया लागली तर तू उडी घेणार का न्हाई?"

"घेणारच की!"

"मंग एकीच्या जागी दोघी जाशीला." तिचं बोलणं असंच, तोडून टाकणारं. "पोहता न येणारी आई काठावरच बरी. आन काठावर ऱ्हाणं तुला जमायचं न्हाई. म्हणून शीक."

उजाडता उजाडता, घाटावर कुणी यायच्या आत, माझी शाळा भरायला लागली. पाठीला भोपळा. पहिले आठ दिवस नुसतं तोंड पाण्यात घालून फुंकर मारायची. मग उताणं पडायचं. कौसामाय म्हणायची, "आभाळाकडं बघ." मी आभाळाकडं बघायची, मग सोनी काठावर आहे का ते बघायला मान वळवायची आणि नाकात पाणी! सोनी काठावर बसून हाताची घडी घालून बघत असायची. एकदा म्हणाली, "आई, मला तर दोनच दिवसांत आलं होतं." माझं लेकरू नसतं तर कानाखाली वाजवली असती.

महिना झाला. एका सकाळी हात जरा बरे चालत होते. तेवढ्यात माझ्या पुढून एक भोपळा तरंगत गेला.

मी म्हटलं, "ए, हा कुणाचा सुटला गं?"

कौसामाय मागून म्हणाली, "तुझाच!"

हे ऐकलं आणि मी बुडाले!

पण वर आले. माझी मीच आले, कुणी वेणी न धरता. कौसामायनं माझ्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि भोपळा आणायला गेली.

*

आणि हा किस्सा मागच्या वैशाखातला.

आमच्या घाटासमोर गंगेचा डोह आहे, उन्हाळ्यातही न आटणारा. डोहाच्या अलीकडं जालना जिल्हा, पलीकडं बीड. जे लेकरू डोह ओलांडून पलीकडं पाय टेकवतं ते पोहायला शिकलं, असा गावचा हिशोब. सोनी आठ वर्षांची झाली होती. कौसामायनं दिवस ठरवला, आणि मला सोडून सगळ्यांना सांगितला!

मी धुण्याची पाटी घेऊन घाटावर आले तेव्हा डोहाच्या मधोमध दोन डोकी दिसली. एक पांढरं, एक काळं. मागं दोरीला बांधलेली ती ट्यूब, दम लागला तर धरायला.

काळं डोकं माझ्या ओळखीचं होतं.

जाऊबाई म्हणाली, "खाली बस. कौसामाय संगं हाय, ट्यूब संगं हाय. बोंबलू नको, लेकराचं ध्यान जाईन."

मी बोंबलले नाही. पाटी टाकली आणि पळाले. चढण चढून हायवेवर, हायवेवरून पुलावर. पायात चप्पल नाही, डांबर तव्यासारखं तापलेलं. ट्रकवाले हॉर्न मारत होते. एकानं तर काच खाली करून विचारलं, "ताई, कुठं सोडू का?" मी थांबलेच नाही. पुलावरून खाली बघायची हिंमत झाली नाही. पलीकडं उतरले ते वाळूतल्या टरबुजांच्या मळ्यात. राखणदार उठून म्हणाला, "बाई, टरबूज पाह्यजे का?"

"लेक पाह्यजे!" असं म्हणून मी वेलांवरून उड्या मारत काठावर पोचले.

काठावर कुणीच नव्हतं.

वाळूत ओली पावलं होती. दोन मोठी, दोन छोटी. पाण्यातून बाहेर आलेली, जरा वेळ बसलेली, आणि परत पाण्यात गेलेली. मी त्या छोट्या पावलांपाशी मटकन खाली बसले.

"आई!"

आवाज पलीकडून आला. आमच्या घाटावर सोनी उभी होती, अंगाला टॉवेल गुंडाळून काहीतरी खात. शेजारी कौसामाय केस पिळत होती. जाऊबाई हसून हसून दगडावर आडवी झाली होती.

तोंडाला हात लावून कौसामाय ओरडली, "सराटीवाले, आगं पुलावरून कशाला गेलीस? तुला पोहता येतंय की!"

देवाशपथ सांगते, मला आठवणच नव्हती!

मी पुलाकडं बघितलं. त्यावर ऊन नुसतं हलत होतं. मग डोहाकडं बघितलं. पदर खोचला, काष्टा मारला आणि एक पाय पाण्यात घातला.

पलीकडं सोनीनं हातातलं खाणं जाऊबाईच्या मांडीवर टाकलं, टॉवेल फेकला, आणि कमरेवर हात देऊन सगळ्या गंगेला ऐकू जाईल असं ओरडली, "आई! बिलकुल एकटी उतरायचं न्हाई! थांब तिथंच! आम्ही येऊन राह्यलो तुला न्यायला!"